खोट्या माहितीवर मिळालेलं निर्वासित-संरक्षण काढून घेतात का? खानापूर तालुक्यातल्या एका दादांना उत्तर

दादा, तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा धाकटा भाऊ २०१६ साली शिकायला म्हणून कॅनडात, ओंटारिओला गेला. कॉलेज अर्ध्यात सुटलं. २०१८ मध्ये एका एजंटच्या सल्ल्याने त्याने निर्वासित म्हणून संरक्षण मागितलं, २०१९ मध्ये ते मंजूर झालं, पुढे पीआरही (कायमच्या वास्तव्याचा हक्क) मिळालं. अर्जात होतं ते असं: दुसऱ्या जातीतल्या मुलीशी प्रेम, तिच्या घरच्यांनी मार्च २०१५ मध्ये गावात केलेला जीवघेणा हल्ला, आणि एफआयआर होऊनही पोलिसांनी काहीच न करणं. यातलं प्रेमप्रकरण खरं. मारहाणही खरी, पण ती २०१३ सालची आणि तिची तक्रार कधी झालीच नव्हती. एफआयआर एजंटने बनवून दिलेला. मार्च २०१५ मध्ये पोरगा कोइमतूरला मामांच्या गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) दुकानात कामाला होता आणि तिथली दोन वर्षं अर्जातून गाळलेली. आता संरक्षण रद्द करण्यासाठी कॅनडा सरकारच्या मंत्र्यांच्या वतीने अर्ज झाल्याची नोटीस आली आहे. एजंट म्हणतो, जुनी गोष्ट सोडू नका, गावाकडून दाखले आणि प्रतिज्ञापत्रं मागवा. घरी बहिणीचं लग्न तोंडावर आहे आणि भावाला यायचं आहे.

मी मिरजेची. काही वर्षं ओंटारिओत निर्वासितांच्या केसेस चालवणाऱ्या कार्यालयात काम केलं, आता सांगलीत बसून तिकडच्या वकिलांसाठी इथले कागद, भाषांतरं आणि साक्षीदार पाहते. भावाची केस मी चालवू शकत नाही. ती कॅनडातला परवानाधारक वकीलच चालवेल. पण नोटिशीचा अर्थ काय आणि घरच्यांनी काय करू नये, एवढं सांगण्याइतकं मी पाहिलं आहे.

संरक्षण जाऊ शकतं का? हो. किती वर्षांनी? कितीही. कॅनडाच्या कायद्यात याला मुदतच नाही, त्यामुळे ‘सहा-सात वर्षं झाली, आता कोण उकरून काढतंय’ हा हिशेब चालत नाही. पण खोटं बोललं की आपोआप सगळं गेलं, असंही नाही. सगळी लढाई एका प्रश्नाभोवती फिरते: खोटं बाजूला काढलं, तर २०१९ च्या फाइलमध्ये संरक्षण देण्याजोगं काही उरतं का? तुमच्या घरात सध्या चर्चा चालली आहे ती खोटं पकडलं जाईल की नाही याची. ते पकडलं गेलं आहे, म्हणून तर नोटीस आली.

कॅनडाच्या २००१ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम १०९ इथे लागू होतं. महत्त्वाची तथ्यं चुकीची सांगून किंवा लपवून, आणि ती थेट किंवा आडमार्गाने, संरक्षणाचा निर्णय मिळवला असेल, तर मंत्र्यांच्या अर्जावरून रेफ्युजी प्रोटेक्शन डिव्हिजन तो निर्णय रद्द करू शकतं. ज्या मंडळाने संरक्षण दिलं, त्याच्याच समोर पुन्हा सुनावणी. सिद्ध करण्याचा भार मंत्र्यांवर असतो, पण फौजदारी खटल्यासारखं निःसंशय सिद्ध करायची गरज नाही. खोटं असण्याची शक्यता जास्त, एवढं पुरतं.

यात ‘आडमार्गाने’ हा भाग घरच्यांच्या लक्षात येत नाही. ‘फॉर्म एजंटने भरला, मी फक्त सही केली’ हा बचाव मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो या पायरीवर टिकत नाही. फसवण्याचा हेतू होता की नव्हता, हे इथे पाहत नाहीत. चुकीची गोष्ट फाइलमध्ये गेली का, ती महत्त्वाची होती का, आणि निर्णय तिच्यामुळे मिळाला का, एवढंच पाहतात. फॉर्मच्या शेवटी माहिती खरी असल्याचं निवेदन असतं, त्याखाली भावाची सही आहे, आणि सुनावणीत त्याने शपथेवर ‘यातलं सगळं खरं आहे’ असं म्हटलेलं असणार.

आता तुमच्या भावाच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलू या. घरात सगळ्यांना भीती आहे ती बनावट एफआयआरची. मला विचाराल तर त्याच्यापेक्षा कोइमतूर जड आहे.

एफआयआर बनावट असणं वाईटच. आणि आपल्याकडचे एजंट समजतात तितकं ते झाकून राहत नाही. एफआयआरचा नंबर दरवर्षी त्या ठाण्यात एकापासून सुरू होतो, त्याची प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते, स्टेशन डायरीत नोंद असते. सप्टेंबर २०१६ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाका. म्हणजे त्यानंतरच्या तारखेचा खोटा एफआयआर टोरांटोतला अधिकारी खुर्चीत बसून ताडून पाहू शकतो. भावाचा कागद त्याआधीच्या तारखेचा आहे, पण मी असे कागद पाहिलेत ज्यात कलम एका गुन्ह्याचं आणि मजकूर दुसऱ्याचाच, किंवा ज्या फौजदाराची सही आहे तो त्या वर्षी त्या ठाण्यात नव्हताच. असा कागद सापडला की बाकीच्या खऱ्या कागदांकडेही संशयाने पाहिलं जातं.

तरीही कोइमतूर जास्त जड का? निर्वासित-कायद्यात एक प्रश्न हमखास येतो, आणि भारतातल्या दाव्यांत तर जवळजवळ प्रत्येक सुनावणीत येतो: तुम्हाला गावात धोका आहे हे मान्य, पण देशाच्या दुसऱ्या भागात जाऊन सुरक्षित राहता आलं नसतं का? भारत एवढा मोठा, की मुंबई, बेंगळुरू, कोलकाता असं कुठलंही शहर पुढे केलं जातं, आणि तिथे राहणं का शक्य नाही हे दाव्यात सांगावं लागतं. बरेच दावे इथेच अडकतात. तुमचा भाऊ दोन वर्षं कोइमतूरला राहिला, मुलीकडचं कुणी तिथे फिरकलं नाही, पगार मिळत होता, मामांचं घर होतं. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतः जगून दिलं होतं, आणि नेमकं तेच मंडळापासून लपवलं. एजंटला हे कळत होतं, म्हणूनच त्याने ती दोन वर्षं गाळायला लावली. लपवलेली गोष्ट ‘महत्त्वाची’ कशी ठरते, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला सुचत नाही.

आणि ते बाहेर कसं आलं, हेही तुम्ही पाठवलेल्या नोटिशीत आहे. २०१६ च्या स्टुडंट व्हिसाच्या अर्जात भावाने नोकरीचा अनुभव म्हणून मामांच्या दुकानाचं पत्र जोडलं होतं. खानापूर-आटपाडीची निम्मी घरं गलाईवर जगतात, देशभर दुकानं आहेत, त्यामुळे असं पत्र व्हिसाच्या फाइलला शोभून दिसतं. ती फाइल आणि निर्वासित-दाव्याची फाइल एकाच सरकारच्या कपाटात असतात, एवढंच एजंट विसरला. कॅनडा आणि अमेरिका बोटांचे ठसेही ताडून पाहतात, म्हणून आधी दुसऱ्या नावाने अमेरिकेचा व्हिसा मागितला असेल तर तेही निघतं. कधी फेसबुकवरचा यात्रेतला फोटो पुरतो. आणि कधी आपली भाऊबंदकी. बांधावरून भांडण होतं आणि तिसऱ्या महिन्यात कॅनडाच्या बॉर्डर एजन्सीला निनावी पत्र जातं. हे मी हसण्यावारी सांगत नाही.

आता ‘काय उरतं’ या प्रश्नाकडे येते, कारण भावाच्या वकिलाचं काम इथे आहे. कलम १०९ च्या दुसऱ्या पोटकलमात मंडळाला एक मोकळीक आहे: पहिल्या निर्णयाच्या वेळी विचारात घेतलेल्या पुराव्यापैकी, खोटं वगळूनही, संरक्षण टिकण्याइतकं पुरेसं काही असेल तर मंत्र्यांचा अर्ज फेटाळता येतो. शब्द नीट पाहा, ‘त्या वेळी विचारात घेतलेला’. २००२ साली तिथल्या फेडरल कोर्ट ऑफ अपीलने स्पष्ट केलं की या टप्प्यावर नवा पुरावा आणता येत नाही. आज तुम्ही गावातून दहा खऱ्या माणसांच्या साक्षी गोळा केल्या, तरी त्या २०१९ च्या फाइलमध्ये नव्हत्या, म्हणून या प्रश्नापुरत्या त्यांचा उपयोग नाही.

त्यामुळे वकिलाने सगळ्यात आधी मागवायची गोष्ट म्हणजे जुनी संपूर्ण फाइल आणि त्या सुनावणीचं ध्वनिमुद्रण. सुनावण्या रेकॉर्ड होतात. भावाने तोंडी जबाबात २०१३ ची मारहाण सांगितली होती का? मित्राचं एखादं पत्र, जखमेचा फोटो जोडला होता का? त्या मुलीचं पुढे काय झालं याबद्दल काही होतं का? आणि सुनावणी घेणाऱ्या मंडळाच्या सदस्याने निर्णय देताना कशावर बोट ठेवलं? निर्णयात ‘मार्च २०१५ चा हल्ला विश्वासार्ह वाटतो, एफआयआरने त्याला दुजोरा मिळतो’ असं वाक्य असेल, तर खांबच निघाला. उलट सदस्याने २०१३ ची मारहाण, घरच्यांनी टाकलेला बहिष्कार, मुलीकडच्यांचा राजकीय वजनदारपणा यावर भर दिला असेल, तर बोलायला जागा आहे. मात्र कोइमतूर लपवल्याचा डाग उरलेल्या जबाबावरही पडतो, हे गृहीत धरून चाला.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते: पहिल्या पायरीवर, म्हणजे महत्त्वाची गोष्ट लपवली या मुद्द्यावर, मंत्री जिंकतील असं मला वाटतं. दुसऱ्या पायरीवर फाइल पाहिल्याशिवाय कुणीही शब्द देऊ नये, आणि जो वकील फाइल न बघता ‘शंभर टक्के वाचवतो’ म्हणेल त्याच्या पायरीवर चढू नका.

हे सगळं इतकं कडक का, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोळका येतो, छावणी येते. कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडची सुमारे पाच हजार माणसं राहिली, सांगली-मिरजेच्या जुन्या माणसांनी ती पाहिलेली. त्यांना कुणी एकेकाला बसवून ‘तुझी भीती सिद्ध कर’ म्हटलं नव्हतं. त्यानंतर आलेल्या १९५१ च्या निर्वासित करारात मात्र एकेका माणसाची भीती तपासली जाते: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची रास्त भीती आहे का. भारताने या करारावर सही केलेली नाही, पण कॅनडा त्यात सामील आहे. पळून आलेल्या माणसाकडे कागद क्वचितच असतात, म्हणून त्याची स्वतःची जबानी हाच बहुतेक वेळा मुख्य पुरावा ठरतो आणि शंकेचा फायदा त्याला द्यावा असं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही म्हटलं आहे. सगळा डोलारा माणसाच्या शब्दावर उभा, त्यामुळे शब्द खोटा निघाला की हादरा मोठा बसतो.

पण त्याच पुस्तिकेतली दुसरी बाजूही सांगायला हवी. परिच्छेद १९९ म्हणतो की असत्य विधान हे एकटं दावा फेटाळण्याचं कारण होत नाही, सगळी परिस्थिती पाहूनच त्याचं वजन ठरवायचं. तारखांची गल्लत, घाबरून सांगितलेला चुकीचा प्रवासमार्ग, दलालाने दिलेला खोटा पासपोर्ट, लाजेपोटी आधी न सांगितलेला लैंगिक अत्याचार, यातल्या कशानेही खरा निर्वासित खोटा होत नाही. परिच्छेद ११७ मात्र हेही नोंदवतो की महत्त्वाच्या तथ्यांबद्दल दिशाभूल करून दर्जा मिळवल्याचं नंतर उघड झालं, तर तो रद्द होऊ शकतो. या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे, तिथे सगळे वकील भांडतात.

हॉलंडमधलं अयान हिरसी अलींचं प्रकरण या बाबतीत बोलकं आहे. १९९२ मध्ये आश्रय मागताना त्यांनी नाव आणि जन्मतारीख चुकीची दिली होती, आणि सोमालियातल्या युद्धातून थेट आल्याचं सांगितलं, प्रत्यक्षात त्या केनियात राहत होत्या. पुढे त्या डच नागरिक झाल्या, खासदारही. मे २००६ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या मंत्री रिटा फेरडोंक यांनी त्यांचं नागरिकत्व मुळातच झालेलं नाही असं जाहीर केलं. जूनच्या अखेरीस मंत्र्यांना माघार घ्यावी लागली, कारण आजोबांचं नाव लावणं सोमाली कायद्यानुसार चालत होतं, आणि या गदारोळात एका घटक पक्षाने पाठिंबा काढल्याने सरकारच पडलं. खासदार होती म्हणून ती वाचली, आपल्या पोराच्या पाठीशी कोण, असं तुम्ही म्हणाल. त्यात तथ्य आहे. पण कायद्याचा मुद्दाही होता: दिलेलं नाव खोटं की नुसतं वेगळं, हे ठरवावंच लागलं.

देशागणिक काटा थोडा हलतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात आणि ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत खोटी किंवा लपवलेली गोष्ट संरक्षण मिळण्यात ‘निर्णायक’ होती का हे पाहतात. अमेरिकेत २००५ नंतर विसंगती दाव्याच्या गाभ्याशी संबंधित नसली तरी विश्वासार्हतेविरुद्ध वापरता येते, आणि पूर्वसूचना देऊनही जाणूनबुजून रचलेला आश्रय-अर्ज केला असं ठरलं तर इमिग्रेशनचे जवळजवळ सगळे दरवाजे कायमचे बंद होतात. अमेरिकेत पोरं पाठवलेल्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता अर्ज मंजूर झाला, म्हणजे संरक्षण रद्द झालं, तर पुढे काय. २०१८ चा दावा फेटाळला गेला होता असंच कायद्याने मानलं जातं. पीआर त्याच निर्णयाबरोबर जातं. दिशाभूल केल्याबद्दल पाच वर्षं प्रवेशबंदी लागते आणि डिपोर्टेशनचा आदेश निघू शकतो. असा आदेश बजावला गेला की पाच वर्षांनंतरही परत जायला लेखी परवानगी लागते, ती अट आयुष्यभराची. या निर्णयावर रेफ्युजी अपील डिव्हिजनकडे अपील नाही. फेडरल कोर्टाकडे १५ दिवसांत परवानगीचा अर्ज करावा लागतो, आणि नुसता अर्ज केला म्हणून हकालपट्टी आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही, म्हणून वकिलाने निकालाआधीच तयारी ठेवलेली बरी.

दोन वाटा उरतात. एक म्हणजे हकालपट्टीपूर्वीची धोक्याची तपासणी. साधा दावा फेटाळलेल्या माणसाला ती मागायला १२ महिने थांबावं लागतं, पण कलम १०९ खाली रद्द झालेल्याला ही थांबण्याची अट नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिथेही कोइमतूरचा प्रश्न पुन्हा येईलच. दुसरी वाट मानवतेच्या आधारावरचा अर्ज. दावा फेटाळल्यावर एरवी त्यालाही १२ महिन्यांची आडकाठी आहे, पण हकालपट्टीने मुलाच्या हिताला धक्का बसणार असेल तर अपवाद आहे, आणि तुमच्या पुतण्याचा जन्म तिथला आहे. मात्र या अर्जाने हकालपट्टी थांबत नाही. शिवाय तिथे अधिकारी माणसाची वागणूक तोलतात. खोटं मान्य केलेला माणूस आणि खोट्यावर अडून बसलेला माणूस यांना तिथे सारखं माप मिळत नाही.

पुतण्या कॅनडाचा नागरिक आहे आणि राहील. वहिनी (भावाच्या पत्नी) कराडच्या, त्या स्वतंत्र स्टुडंट व्हिसावर गेल्या आणि भावाने त्यांना स्पॉन्सर केलं असं तुम्ही लिहिलंय. त्यांचं पीआर भावाबरोबर आपोआप जात नाही. पण दिशाभूल केल्याबद्दल अपात्र ठरलेल्या माणसाने ज्यांना स्पॉन्सर केलं, त्यांनाही अपात्र ठरवण्याची तरतूद आहे, मंत्र्यांना परिस्थिती तशी वाटली तर. म्हणून वहिनींनी स्वतःचा वेगळा वकील गाठावा. नवरा-बायकोचं हित इथे एकच असेल असं नाही, हे सांगताना मलाही बरं वाटत नाही.

भावाने नागरिकत्वाचा अर्ज केलाय आणि ‘ते एकदा हातात आलं की सुटलो’ असं एजंट म्हणतोय. एक तर असा वाद चालू असताना तो अर्ज थांबवून ठेवता येतो. दुसरं, खोट्या माहितीवर मिळालेलं नागरिकत्वही कॅनडा काढून घेऊ शकतो, त्याची वेगळी प्रक्रिया आहे आणि आता ती एरवी फेडरल कोर्टात चालते. तिसरं सगळ्यात गंभीर: परदेशी नागरिकत्व घेतलं की आपल्या १९५५ च्या कायद्याने भारतीय नागरिकत्व संपतं. उद्या कॅनडाचंही गेलं तर पोरगा ना इकडचा ना तिकडचा.

एजंट मागतोय ती सरपंचाची पत्रं, पोलीस पाटलाचा दाखला, पाचशेच्या स्टँपवर आईचं प्रतिज्ञापत्र, यातलं काहीही ‘मार्च २०१५ मध्ये हल्ला झाला’ असं म्हणणारं पाठवू नका. ते फाइलमध्ये कायदेशीरदृष्ट्या उपयोगाचं नाही हे वर सांगितलंच. त्यापलीकडे, आई आजवर या भानगडीत कुठेच नव्हत्या. खोट्या प्रतिज्ञापत्रावर त्यांचा अंगठा किंवा सही गेली, की इथल्या फौजदारी कायद्यात त्या स्वतः अडकतात. सरपंच गावचा असला तरी त्याला हल्ला झाल्याचं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नाही. आणि जुनं खोटं उघड असताना नवं खोटं आणणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात जाणं. पाठवायचंच असेल तर खरं पाठवा: २०१३ मध्ये टाके पडले होते, तर सरकारी दवाखान्याचा केसपेपर आणि मेडिको-लीगल नोंद निघते का ते पाहा. मामांकडून कोइमतूरच्या दिवसांची खरी हकीकत लिहून घ्या, तिकडे कुणी चौकशीला आलं होतं का, फोन आले होते का यासकट. रद्द करण्याच्या सुनावणीत याचा फार उपयोग नाही, पण पुढच्या दोन्ही वाटांवर आहे. सगळं आधी वकिलाला दाखवा, परस्पर मंडळाला पाठवू नका.

वकिलाला खरं सांगितलं तर तो सरकारला कळवेल ही भीती काढून टाका. अशिलाने सांगितलेलं तिथला वकील बाहेर फोडू शकत नाही. पण खोटी साक्ष आहे हे माहीत असून तो ती मांडूही शकत नाही, म्हणून अर्धसत्य सांगून त्याला अडचणीत टाकू नका.

लग्नाचं सांगते. येऊ देऊ नका. संरक्षण मिळालेल्या माणसाने स्वखुशीने भारतीय पासपोर्ट नवा काढणं किंवा भारतात येऊन राहणं, यावरून ‘आता याला संरक्षणाची गरज नाही’ असा वेगळाच अर्ज मंत्री करू शकतात. त्यात मूळ दावा खरा असला तरी दर्जा जातो, आणि डिसेंबर २०१२ पासून त्याबरोबर पीआरही जातं. २०२२ मध्ये फेडरल कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं की माणसाला परिणामांची जाणीव होती का, तो कशासाठी गेला, तिथे लपून राहिला का, हे सगळं पाहावं लागेल. तुमच्या भावाला जाणीव नव्हती असं आता म्हणताच येणार नाही, नोटीस हातात आहे. विट्याच्या कार्यालयात फेटा बांधून उभा असलेला त्याचा एक फोटो दोन्ही प्रकरणांत मंत्र्यांच्या वकिलाला पुरेल. त्याने पासपोर्ट आधी नूतनीकरण केला असेल, तर तेही वकिलाला आजच सांगायला लावा.

बेड्या घालून विमानात बसवतील का, हा आईचा प्रश्न. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरले, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते, ते चित्र टीव्हीवर पाहून सगळीकडेच धसका बसला. तो प्रकार वेगळा होता, देशही वेगळा. तुमच्या भावाची प्रक्रिया सुनावणीची आहे, तो रोज कामावर जातोय आणि निकालापर्यंत जाऊ शकतो. दिशाभूल हा तिथे गुन्हाही आहे आणि मोठ्या शिक्षेची तरतूद आहे, पण आलेली नोटीस फौजदारी नाही.

ज्यांची सुनावणी अजून व्हायची आहे अशा घरांसाठी दोन ओळी. फॉर्ममध्ये चूक किंवा खोटं गेलं असेल तर सुनावणीच्या किमान १० दिवस आधी दुरुस्ती देता येते, आणि का चुकलं हे सांगता येतं. तेव्हा थोडी विश्वासार्हता जाते, पण कलम १०९ ची टांगती तलवार राहत नाही. दावा मागे घेता येतो, मात्र एकदा मागे घेतला की नव्याने दावा करता येत नाही, म्हणून तेही वकिलाला विचारूनच.

आणि दादा, ज्यांना मुलीकडचे खरंच मारायला टपलेले असतात अशी पोरं-पोरी आपल्याच जिल्ह्यांत आहेत. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि विशेष कक्ष ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये राज्यांना सांगावं लागलं, ते उगीच नव्हे. एकाच एजंटची तीच गोष्ट, तोच मार्च महिना, तीच वाक्यं पाच फाइलींत आली, की सहाव्या खऱ्या फाइलकडेही सदस्य त्याच नजरेने पाहतो. तुमच्या भावाचा राग म्हणून हे लिहीत नाही. त्याला तर २०१३ ची खरी गोष्ट सांगण्याची संधीच एजंटने दिली नाही, आणि ती सांगितली असती तर दावा मंजूर झाला असता का, ते आता कुणीच ठरवू शकत नाही.

त्या एजंटबद्दल. कॅनडात पैसे घेऊन अशी कामं फक्त वकील, ओंटारिओतले परवानाधारक पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी आणि इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचे सदस्य करू शकतात. या सगळ्यांची नावं सार्वजनिक नोंदवहीत तपासता येतात. हा माणूस त्यात नसेल तर तिकडे तक्रार होते, आणि पैसे इथे दिले असतील तर इकडे फसवणुकीची. तक्रारीने संरक्षण वाचणार नाही, पण मानवतेच्या अर्जात पोरगा कुणाच्या सांगण्यावरून काय करत होता हे दिसायला तिचा उपयोग होतो. त्यासाठी व्हॉट्सअॅपवरचे निरोप, बँकेतून गेलेली रक्कम, त्याने पाठवलेला एफआयआरचा मसुदा, सगळं जसंच्या तसं जपून ठेवा आणि फोन बदलू नका. नोटिशीवर उत्तराची जी तारीख आहे ती भावाला फोन करून आज रात्रीच विचारा. वकील मिळेपर्यंत मुदतवाढ मागता येते, पण तारीख उलटून गेल्यावर मागितली तर ती मिळणं अवघड.